दातवणाची डबी

खरशिंगीच्या राघोपंत इनामदारांना एकाएकी बायकोच्या काळ्या दातांची लाज वाटू लागली. त्या काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करायच्या. सौभाग्याचं लेणंच ते. पण आता कलेक्टरसाहेबाची मड्डम घरी चहाला येणार होती ना! पंतांनी बायकोला विटेची पूड आणि लिंबू घासायला लावलं. दात काळेच राहिले, हिरड्या मात्र रक्ताळल्या.

चूळ भरायला पाणी घेऊन स्वयंपाकीण द्वारका आली. लाल आलवणातल्या त्या विधवेचे दात पांढरेशुभ्र होते.

"काय लावतेस गं?" पंत गरजले. "हिरड्या न सोलता, घरच्या घरी दात पांढरे करायचं औषध सांग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"औषध तुम्हीच दिलंत, सरकार," द्वारका म्हणाली. "माझा नवरा गेला, तेव्हा दहाव्या दिवशी तुम्हीच माझी दातवणाची डबी विहिरीत टाकायला लावलीत. वर्षभरात दात आपोआप पांढरे झाले. बाईसाहेबांनाही गुण येईल. फक्त आधी तुम्हाला जावं लागेल."

पदराने रक्त टिपणाऱ्या इनामदारीणबाई लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्यासमोर काळे दात दाखवून हसल्या.