घुशीने पाडलेले प्लॉट

सन १९६८ च्या वैशाखात घुशीने तळ्याकाठच्या माळाचे प्लॉट पाडले. साठवलेले सगळे शिंगाडे देऊन कासवाने मधला प्लॉट घेतला. त्याच्या आणि तळ्याच्या मधला घुशीने स्वतःला ठेवला. बाकीचे बेडकांनी घेतले.

मंजुरीआधी मधल्या प्लॉटवाल्याने पाण्यापर्यंत चालून दाखवायचं, अशी पंचायतीची रीत होती. सरपंच म्हैस पाहणीला आली. कासव निघालं.

"माझ्या दारातून नको!" घूस ओरडली.

"आमच्याही नको!" बेडूक ओरडले. कासव तहानलेलंच परतलं.

"शिंगाडे घेतलेस, रस्ता द्यायचा राहिला," म्हैस म्हणाली.

"रस्ता कशाला, सरपंचबाई? बेडूक उड्या मारतात. कासवही शिकेल."

"मग आधी मला शिकव. तुझ्या बिळावरून सुरुवात करते." म्हशीने पाय उचलला.

घुशीने बीळ बुजवून रस्ता सोडला. कासव पाणी प्यायलं. घुशीचं देणं फिटलं.