काळ्या केसांची सभासद

एका राज्यात चारुमती दूरदेशीच्या गुरुकुलातून परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, वेशीवर बाबा घोडा दौडवत सामोरे येतील. त्यांची तर चाळिशीही उलटली नव्हती. आला तो काठी टेकत एक जख्ख म्हातारा. डोळे मात्र बाबांचेच, सोमदत्ताचे.

घरी आईने सारं सांगितलं. राजसभेत पांढऱ्या केसांनाच आसन, असा तिथला रिवाज. दारावर बोलका बगळा बसे आणि आपलं पीस येणाऱ्याच्या केसांशी ताडून पाही. तरुणांची गाऱ्हाणी मांडायची म्हणून सोमदत्ताने केसांत राख चोळली, बगळ्याला चकवलं आणि आसन गाठलं. बसताक्षणी तो खरोखरच म्हातारा झाला, आणि कशासाठी आलो तेही विसरला. त्याच्या आधी गेलेल्या तरुणांचंही हेच झालं होतं. आता तर त्याला घासही गिळवेना. हा पावसाळा तो पाहील, असं वैद्याला वाटत नव्हतं.

चारुमती बगळ्यापुढे उभी राहिली. "राख न लावता आत जायची वाट आहे?"

"आहे," बगळा म्हणाला. "पूर्वी एक तरुण मांत्रिक इथे काही सांगायला आला. सभेने त्याला हसून हाकललं, केस पांढरे करून ये म्हणाली. त्याने शाप दिला, की जो इथे खोटे पांढरे केस घेऊन बसेल, त्याचं तारुण्य माझ्या कुंभात जमा होईल. तो कुंभ आण. काळ्या केसांनी आसनावर बस. आणि सभेतला एक तरी हात तुझ्यासाठी वर येऊ दे. ही तीन कामं झाली, की शाप सुटेल."

कुंभ डोंगराच्या गुहेत होता, त्यावर नाग. नागाने वाट अडवली नाही. बापाचं तारुण्य तेवढं काढून घे, बाकीचं राहू दे, म्हणाला. चारुमतीने कुंभात हात घातला. बोटांना बाबांचं तारुण्य लागलं, अंड्यासारखं ऊबदार. तिचे डोळे भरून आले. तिने हात रिकामाच बाहेर काढला.

"सगळ्यांचं हवं," ती म्हणाली. "बाबा स्वतःपुरते तिथे गेले नव्हते."

नाग कुंभावरून बाजूला सरला.

कुंभ पाहून बगळ्याने वाट दिली. तो सिंहासनापुढे ठेवून ती रिकाम्या आसनावर बसली. सभा खदखदून हसली. एकाने ओठांवरचं दूध पुसून यायला सांगितलं, दुसऱ्याने पाटी आणलीस का म्हणून विचारलं. पलीकडच्या आसनावरून सोमदत्तही म्हणाला, "पोरी, घरी जा. आधी राख लाव." ते तिच्या काळजाला लागलं, पण ती उठली नाही. म्हणाली, "नवे कालवे कुठे खणायचे, ते आम्हालाही विचारा. त्या पाण्यावर पुढे आम्हालाच जगायचंय." एवढं बोलून तिने, ज्यांना पटलं त्यांना हात वर करायला सांगितलं.

कुणी हलेना. मग कोपऱ्यातून एक हात वर आला. तो रुद्राजींचा. सभेत खरे म्हातारे तेवढे एकच. कुंभात त्यांचं काहीच नव्हतं.

"रुद्राजी, तुम्हाला यात काय मिळणार?" राजाने विचारलं.

"काही नाही, महाराज. माझं म्हातारपण माझं स्वतःचं आहे. पण हिचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं आणि खोड काढायला जागा सापडली नाही. असं या सभेत प्रथमच घडतंय."

कुंभ फुटला. ज्याचं तारुण्य त्याच्याकडे गेलं. काठ्या फरशीवर पडल्या, पाठी ताठ झाल्या. सोमदत्ताने लेकीला नावाने हाक मारली, आणि तिला रडू आवरेना.

हर्षाच्या भरात राजाने फर्मान काढलं, की यापुढे सभेला काळेच केस हवेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुमती आली, तो दारावर बगळ्याच्या जागी कावळा. त्याने आपलं पीस ताडून रुद्राजींना परत फिरवलं होतं. बगलेत पानाचा डबा घेऊन ते पायऱ्या उतरत होते.

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "आजोबा, काल तुमचा हात वर आला नसता, तर आज मला वडील नसते."

"बरं झालं म्हणायचं," रुद्राजी म्हणाले. "आता बसा तुम्ही. माझी कंबरही आसनाला कंटाळलीय."

"कंबरेला उशी देऊ," ती म्हणाली, आणि आत वर्दी पाठवली, की दारावर ना बगळा हवा ना कावळा, आणि रुद्राजी आसनावर बसेपर्यंत चारुमती उभीच राहील.