मोकळी जागा पेटीत शिरली

फार जुन्या काळी जंगलात चाऱ्याचं एक कोठार होतं. कुणाचा वाटा कुठं ठेवलाय, हे फक्त राखणदार कासवाला माहीत. त्याला विचारायला शब्द रांगेनं चालत जायचे आणि दोन शब्दांच्या मधून मोकळी जागा चालायची. ज्याचा वाटा हवा त्याचं नाव मात्र बंद पेटीतून जायचं.

"ही बया बोलत नाही, नुसती जागा अडवते," म्हणत एकदा शब्द तिला सोडून एकमेकांना चिकटून गेले.

"हे काय कडबोळं आणलंत?" कासवानं त्यांना परत पाठवलं.

शब्दांनी मनधरणी केली, तशी ती फुगून अंगणाएवढी पसरली. कासवानं ढुंकूनही पाहिलं नाही. बोटभर काय नि अंगणभर काय, त्याला सारखंच.

रागावून ती सशाच्या नावाच्या पेटीत गुपचूप शिरली. पेटीत जे असेल ते जसंच्या तसं शोधायचं, ही कासवाची शिस्त. सगळं कोठार धुंडाळून ते म्हणालं, "असा ससा आपल्याकडे नाही."

"कासवदादा, मी समोर उभा आहे की," उपाशी ससा रडकुंडीला आला.

"तू एकटा आहेस. पेटीतल्या सशाबरोबर आणखी कुणीतरी आहे."

अखेर कुणीतरी आपली दखल घेतली, म्हणून ती सुखावली. मग तिला सशाचं खपाटीला गेलेलं पोट दिसलं आणि ती हळूच बाहेर आली.

तेव्हापासून ती शब्दांच्या मधूनच चालते. तिच्याकडे कुणी पाहत नाही, आणि कोठारावरून कुणी उपाशीही परतत नाही.