थोरल्या बुवांची पेंढी

"मग हे गळतंय कुठनं, बया?"

नागनाथबुवांनी विचारलं, आणि टपकन एक थेंब त्यांच्या टकलावर पडला.

बयाजीनं चुलीकडं बघितलं. दाराकडं बघितलं. मांजराकडं बघितलं. वर मात्र बघितलं नाही.

बाहेर गारांनी नुसता धिंगाणा घातला होता. घाटमाथ्यावरचं हवामान म्हणजे एकदम बिनभरवशाचं. सकाळी ऊन टाळकं भाजतं, दुपारी धुकं नाकासमोर येऊन बसतं, आणि संध्याकाळी असा वारा सुटतो की माणूस बोलतोय कुणाशी तेच कळत नाही, शब्द पार खालच्या गावात. अशा ठिकाणी गवताचं छप्पर चार पावसाळे टिकलं, तर लोक त्याला येता-जाता नमस्कार करतात.

"वाऱ्यानं जरा उचकटलं असंल, बुवा."

"थेंब आला तर मिशी उतरवीन, असं कोण म्हणालं होतं रे?"

बयाजीनं मिशीवर हात ठेवला. झाकूनच टाकली म्हणा ना.

बयाजी मठातला सगळ्यात जुना शिष्य. अंगानं रेडा, आणि रुबाब असा की नवा कुणी भजनात चुकला की हा टाळ वाजवायचा थांबून त्याच्याकडं बघत बसणार. का नाही बघणार? थोरल्या बुवांनी, म्हणजे नागनाथबुवांच्या गुरूंनी, त्याला स्वतःच्या मांडीवर वाढवलं होतं. थोरले बुवा जाण्याआधी मठ शाकारून गेले. शेवटचं काम तेच. आता ते छप्परही कुजलं, म्हणून मागच्या आठवड्यात मठावर इर्जिक झाली.

इर्जिक म्हणजे अख्खी वाडी गवताचे भारे घेऊन येते. दिवसभर राबायचं, दुपारी आमटी-भात ओरपायचा, अंधार पडायच्या आत नवं छप्पर तयार. आणि एक रीत पक्की. जुन्या छपराची काडीसुद्धा ठेवायची नाही. सगळं भाताच्या राबावर. जिथं रोपं करायची त्या तुकड्यावर पसरायचं, वाळलं की पेटवायचं, आणि त्या राखेत बी टाकायचं. थोरल्या बुवांच्या हातची मठाची सगळी जुनी छपरं तिथंच गेली. थोरले बुवा होते तेव्हा काडी तेच लावायचे.

तर त्या दिवशी सगळे भराभरा जुनं गवत खाली ओढत होते, आणि बयाजी आढ्याजवळ बसला तो बसलाच.

एक पेंढी होती तिथं. धुरानं काळी पडलेली. तिच्या बंधाला उलटा पीळ.

असा पीळ कोण देणार? थोरले बुवा डावखुरे होते.

बयाजीनं पेंढीला नाक लावलं... आणि गेलाच की मागं, पार लहानपणात. थोरले बुवा वर बसलेत, हा बारकं कार्टं खालून पेंढ्या फेकतोय. मुद्दाम त्यांच्या डोक्यावर. "अरे माकडा, छपरावर टाक, माझ्यावर नको!" बुवा ओरडायचे, आणि पुढची पेंढी हातानं धरायची सोडून परत डोक्यावरच घ्यायचे. पोरगं हसतंय म्हणून. मग आषाढात दोघं एका कांबळ्यात. वर गवतावर पाऊस. गवतावर पाऊस वाजत नाही, कुजबुजतो. बुवा म्हणायचे, गप पड, ऐक, आपल्याबद्दलच बोलतोय.

थोरल्या बुवांचं आता होतं तरी काय? कफनी त्यांच्याबरोबर गेली. खडावा ओढ्यानं नेल्या. फोटो त्यांनी कधी काढू दिला नाही. ही पेंढी राबात गेली की संपलंच.

बयाजीनं ती सदऱ्यात कोंबली.

"काय रं बयाजी, पोट सुटलं व्हय?" खालून गंगाक्का ओरडली. राबावर गवत न्यायचं काम तिच्याकडं.

"आमटी जास्त झाली, आक्का!"

"आमटी अजून चुलीवर हाय की!"

खाली हशा पिकला. हा आपला वरच्या वर सरकला. नवं गवत चढायला लागलं तेव्हा, थोरले बुवा जिथं बसायचे बरोबर त्या जागेच्या डोक्यावर त्यानं पेंढी नव्या गवतात दडवली. वरून पिवळंधमक गवत ओढलं. मग उतरून मिशीला पीळ दिला आणि ती पैज मारली.

आता त्याच जागेवर नागनाथबुवा बसायचे, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. किंवा आलं असेल.

टप.

बयाजीनं पातेलं आणून ठेवलं. बुवांनी ते बाजूला सारलं आणि परत मांडी घालून थेंबाखाली बसले.

"सरका की बुवा. भिजाल."

"कुठं सरकू? तूच बसवलंयस त्यांना माझ्या डोक्यावर."

बयाजीनं आता कुठं वर बघितलं.

बुवांनी बोटावर थेंब झेलला आणि त्याच्यापुढं धरला. चहासारखा तांबूस.

"नवं गवत असलं पाणी सोडत न्हाय. वास घे."

त्यानं वास घेतला. धूर.

गारा थांबल्या. वारा पडला. नुसतं टप, टप.

बयाजी उठला. कोपऱ्यातली शिडी लावली, वर चढला, हात घातला आणि ओढली. पेंढीबरोबर भसकन पाणी आलं, बुवांना आंघोळ झाली. वर भोक पडलं होतं, त्यातनं आभाळ दिसत होतं. धुतल्यासारखं.

बयाजी खाली आला. ओली पेंढी पोटाशी धरलेली, एवढा बाप्या आणि नाक वाहतंय.

"शेवटची हाय, बुवा. ही पण जाळली तर..."

"तर?"

"तर थोरल्या बुवांचं मठात काय उरलं?"

बुवांनी उपरणं पिळलं. सावकाश डोकं पुसलं.

"दुपारी काय जेवलास?"

"आँ? ...भात."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? आपलाच की. आपल्याच राबातल्या रोपांचा..."

बयाजीचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

बुवा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्याच्या पोटाकडं.

"आणि म्हणे काय उरलं! तीनदा वाढून घेतलंस की रे."