खडकापुढचे चार हात

बालमित्रांनो, माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, शब्दही साधेच आहेत. तेवढे पोटात घाला. गोष्ट मात्र मनापासून सांगतो.

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे एक भिडस्त कासव राहत असे. त्याच्याशी बोलायला कुणी नव्हते. म्हणून ते रोज सकाळी जंगलातल्या दोघातिघांना पाठीवर घेई आणि समोरच्या बेटावरचे कुररी पक्षी दाखवून आणी. कुररी उघड्या वाळूतच अंडी घालतात. बेटाच्या अलीकडे एक काळा खडक होता. "तिथवर खुशाल ये," एका कुररीने त्याला सांगितले होते, "आम्ही जागच्या हलणार नाही. पण पुढे आलास तर घाबरून सगळ्याच उडू, आणि अंडी उघडी पडतील." कासवाने तसा शब्द दिला होता. तरी सहल निघाली की एक कावळा लांबून मागे मागे येई. त्याची नजर अंड्यांवर आहे, हे कासव ओळखून होते.

एके दिवशी माकड, ससा आणि खार पाठीवर बसले. खडकापाशी कासव थांबले, तसे माकड खेकसले, "झालं? एवढ्यासाठी माझी शेपूट भिजवलीस? इथून तर नुसतं धुणं वाळत घातल्यासारखं दिसतंय!"

"मला दिसतंय की," खार हळूच म्हणाली. "ती बघा, चोचीने अंडं फिरवतेय."

"चार हात पुढे घ्या ना, कासवदादा," ससा म्हणाला. "अंडं अगदी जवळून बघून येतो, असं पोरांना सांगून आलोय मी."

"पण मी शब्द दिलाय..." कासव पुटपुटले.

"अरे, ते पाणमांजर थेट वाळूवर नेतं म्हणे!" माकड म्हणाले. "उद्यापासून आम्ही त्याच्याकडे. तू बस इथे खडकाशी गप्पा मारत."

कासवाने वर पाहिले. कावळा आज फार खाली आला होता. 'नाही' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. उद्या पुन्हा एकटेच राहायचे, या विचाराने त्याचे पाय आपोआप हलले. एक हात, दोन हात, तीन... चौथ्या हाताला पाय वाळूला टेकले आणि सगळे बेटच जणू किंचाळत आभाळात उडाले. कावळ्याने झेप घेतली. कासव जीव तोडून वाळूवर सरपटले. पण वाळूत कासवाची धाव ती केवढी! शब्द घेणारी ती कुररी परत येऊन घरट्यावर बसली, तेव्हा कावळा खाडी ओलांडून गेलाही होता.

"दोन होती," कुररी म्हणाली. "आता एक आहे."

माकड शेपूट पिळत बसले. सशाने कान पाडले. कासवाने मान आत ओढून घेतली.

"नाही म्हटलं तर पाहुणे रुसतील, याची तुला भीती वाटली," कुररी म्हणाली. "माझं काय होईल, याची नाही वाटली?"

कासव वळले आणि तिघांना घेऊन परत निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माकड नव्या पाहुण्यांना घेऊन हजर झाले. खारही आली आणि सगळे पाठीवर चढले. "आज थेट वाळूवर हं!" माकड म्हणाले. कासव म्हणाले, "खडकापर्यंतच. पटत नसेल त्याने आताच उतरावं." एकेक करून सगळे उतरले. फक्त खार बसून राहिली. "निघायचं ना?" तिने विचारले. खडकापाशी कासव थांबले आणि मान खाली घालून तरंगत राहिले. कुररीने त्याच्याकडे पाहिले नाही. पण ती अंड्यावरून उठलीही नाही. कावळा वर दोन घिरट्या घालून उपाशीच परत गेला.

तात्पर्य : भिडेपोटी दिलेला होकार आपल्याला गोड वाटतो, पण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.