जुन्या ट्रॅक्टरला काय हवं होतं

"आता तरी सांगा उस्ताद, दोष आहे तरी कुठं?"

निरंजन हात पुसत विचारत होता. समोर ताडपत्रीवर इंजिनचा एकेक भाग ओळीनं मांडलेला. तीन दिवसांचं काम.

दस्तगीर मिस्त्री खाटेवर बसून बशीतला चहा पीत होते. विट्याजवळच्या त्या शेडमध्ये पन्नास वर्षं त्यांनी जुने ट्रॅक्टर दुरुस्त केले. लोकांनी भंगारात काढलेला ट्रॅक्टर त्यांच्याकडे यायचा आणि नांगर ओढायला परत जायचा.

निरंजन सात वर्षं त्यांच्या हाताखाली होता. हात चांगला होता, आणि ते त्याला ठाऊकही होतं. स्वतःचं गॅरेज काढायची परवानगी त्यानं मागितली, तेव्हा मिस्त्रींनी दारातल्या लाल ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं.

"याला काय हवंय ते सांग. मग खुशाल जा."

साठ वर्षांचा ट्रॅक्टर, पण पहिल्याच हँडलला सुरू झाला. आवाज खणखणीत. निरंजनला त्याचाच संशय आला. उस्ताद उगाच थोडेच विचारतील... त्यानं नोझल काढले. मग हेड उतरवलं. मग पिस्टन, मग बेअरिंग. सगळं मापात होतं.

"तुला काय सापडलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"काहीच नाही. म्हणजे... काहीतरी माझ्या नजरेतून सुटलंय."

"हं."

तेवढ्यात फाटकातून ट्रॅक्टरचे मालक आत आले. ज्योतीराम मगदूम, पंचाहत्तरीचे. ताडपत्रीपाशी येऊन ते थबकले.

"मिस्त्री, हे काय? परवा नातीचं लग्न हाय."

"ठाऊक आहे अण्णा. बसा."

निरंजननं हातातलं फडकं खाली ठेवलं. "अण्णा, तुम्ही ट्रॅक्टर कशासाठी आणला होता?"

"मडगार्डवर एक बैठक बसवायची हुती. वरातीत नात सोता चालवणार म्हणती. मग नवरदेवानं बसायचं कुठं?"

निरंजन मिस्त्रींकडे वळला.

"उस्ताद, हे मला सांगितलं नाहीत."

"ट्रॅक्टर आणला त्या दिवशी अण्णा एसटीची वाट बघत तासभर इथंच बसले होते," मिस्त्री म्हणाले. "तुझ्यापासून चार हातांवर."

निरंजननं मान खाली घातली. त्या तासात त्यानं अण्णांना फक्त एकदा म्हटलं होतं, जरा बाजूला सरका.

मिस्त्रींनी बशी ठेवली, बाह्या सरसावल्या आणि ताडपत्रीपाशी मांडी घातली.

"दे तो पिस्टन इकडं."

रागाचा एक शब्द नाही. दोघांनी जुळवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी निरंजन विट्याहून हेडची नवी पॅकिंग घेऊन आला. अण्णाही येऊन बसले. हा ट्रॅक्टर गावात पहिल्यांदा आला तेव्हा बैलं कशी बुजली, ते त्यांनी सांगितलं. नात सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायची, तेही सांगितलं. निरंजन बोल्ट आवळता आवळता ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "नवरदेवाची उंची किती?" आणि त्या मापानं बैठक बसवली. पाठीला टेकायला एक आडवा पाइपही लावला.

लग्नादिवशी सकाळी डिझेलच्या नळीतली हवा काढून त्यानं हँडल मारलं. इंजिन धडधडलं. अण्णांनी हसत बॉनेटवर थाप मारली.

वरात दिमाखात निघाली. नवरी पदर खोचून चालवत होती, आणि नवरदेवानं आडवा पाइप घट्ट धरला होता.

परत आल्यावर निरंजन म्हणाला, "उस्ताद, गॅरेजचं राहू द्या. मला अजून येत नाही."

मिस्त्रींनी बशीत चहा ओतून घेतला.

आठवड्यानं एक निळा ट्रॅक्टर धूर ओकत फाटकात आला. चालवणारी साठीची बाई होती, कपाळावर घाम. निरंजनचा हात सवयीनं पान्याकडे गेला. मग थांबला. त्यानं स्टूल सावलीत ओढलं, पाण्याचा तांब्या आणला.

"बसा मावशी. काय म्हणतोय तुमचा ट्रॅक्टर?"

मावशी बोलत राहिल्या. निरंजन समोर जमिनीवर बसून ऐकत होता. पाना अजून भिंतीलाच होता.

खाटेवरून मिस्त्रींनी हळूच हाक मारली.

"निरंजन, तुझ्या गॅरेजची पाटी रंगवायला कुणाला सांगायचं रे?"