हालम साहेबाच्या बंगल्यापुढचा खंदक

आंबरपाल गावाच्या माथ्यावर हालम साहेबाचा बंगला आहे. विलायतेतलं वडिलांचं घर साहेबाने इथे जसंच्या तसं उभारलं म्हणे. उंच धुराडी, टोकदार छपरं, आणि चैत्रात अंगाची लाही होते तरी खोलीखोलीत भिंतीत शेकोटीची जागा. पण गावातले तात्या खोत पाहुण्यांना आधी दाखवतात तो बंगल्यापुढचा खंदक. बंगल्याच्या अंगाला त्याची भिंत ताठ, गावाच्या अंगाला मात्र गवताचा सावकाश उतार. हा उतार कसा झाला, ते असं सांगतात.

साहेबाला व्हरांड्यातून दरीपर्यंत सलग हिरवळ हवी होती. गुरं आत यायला नकोत, आणि कुंपणही नजरेला पडायला नको. म्हणून त्याने खंदक काढायला सांगितला. काम निळोबा पाथरवटाकडे आलं. त्याच्या वाडवडिलांनी किल्ल्यांचे खंदक खोदलेले; खंदक म्हटला की दोन्ही अंगं ताठ, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. नकाशात बाहेरच्या अंगाला उतार पाहून तो हसला.

"शत्रूला पायघड्याच घातल्या की सायबानं," तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही भिंती सरळ उभ्या केल्या. साहेब पावसाळ्यासाठी घाटाखाली गेलेला. काम तपासायला कोणी नव्हतं.

श्रावणात गवत कमरेला लागलं, त्यात धुकं. चरता चरता गावची चार गुरं खंदकात कोसळली आणि मेली. दोन पाटलांचे बैल होते.

चावडीवर ठकूबाईला उभं केलं. ती गावची गुराखीण, बिनलेकराची विधवा. गुरं वळण्यावरच तिचं पोट.

"तितं जमीनच दिसत हुती, पाटील. म्या जागीच हुते," ती म्हणाली.

"डोळा लागला आसंल तुजा," पाटील म्हणाले.

निळोबा समोरच बसला होता. उतार ठेवला असता तर गुरं चालत खाली गेली असती आणि चालतच वर आली असती, हे त्या चावडीत एकट्या त्याला ठाऊक होतं. पण चूक कबूल केली तर वाडवडिलांचं नाव जाईल, एवढंच त्याच्या मनात आलं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. गावाने ठकूबाईचं काम काढून घेतलं. ती घोंगडं खांद्यावर टाकून घाट उतरून गेली.

निळोबाला स्वतःची इतकी लाज वाटली, की बायकोसमोरही मान वर करवेना. तिसऱ्या दिवशी तो ठकूबाईला शोधायला निघाला. घाटाखालची गावं पालथी घातली. ती कुठेच सापडली नाही. परत येऊन त्याने चावडीवर सगळं सांगितलं. कुणी त्याला बोल लावला नाही, कारण त्या दिवशी सगळ्यांनीच पाटलांची री ओढली होती. मग बाहेरची भिंत त्याने एकट्याने फोडली, मातीच्या पाट्या वाहून उतार केला, आणि गावाकडे एक मागणं मागितलं.

त्या मागण्याप्रमाणे आजही आंबरपालच्या बैठकीत कुणावर आळ आला, की त्या माणसाला काही विचारण्याआधी पाथरवटांच्या घरातल्या थोरल्याला उभं करतात.

"तुमचं काही सांगायचं राहिलंय का?"

त्याने खाली मान घालून म्हणायचं, "राहिलं होतं." मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं.